परतीचा चढ

दिवाळी होऊन दोनच आठवडे झालेले. रविवारी सकाळचे साडेदहा, ऊन चांगलंच वर आलेलं, आणि मांजरा नदीकडून लातूरला येणाऱ्या रस्त्याच्या कडेला माझी साडेपाच वर्षांची लेक सायकल आडवी टाकून बसली होती. रडत नव्हती. रडली असती तर समजूत तरी काढता आली असती. ती शांतपणे म्हणाली, "आई, ही सायकल इथंच राहू दे. आपण घरी जाऊ."

सकाळी सातला नवरा, मी आणि दोन्ही लेकरं आपापल्या सायकलीवर निघालो होतो. नदीपर्यंत आठ किलोमीटर जायचं, पाण्याजवळ बसून डबा खायचा आणि परत यायचं, एवढाच बेत. जाताना लेकरं हवेत होती. शहर मागं पडलं की हा रस्ता नदीकडं हळूहळू उतरत जातो. मोटरसायकलवरून शंभर वेळा गेले असेन, पण तो उतार आहे हे मला कधी कळलंच नव्हतं. थोरला आठ वर्षांचा, तो पायडल न मारता सुसाट निघालेला. धाकटी त्याच्या मागं, वेण्या उडवत. मी पाठीमागून "ब्रेकवर बोटं ठेव" म्हणून ओरडत होते आणि मनात खूश होत होते, की लेकरं तयार झाली बरं का. पुढच्या रविवारी औशापर्यंत न्यावं काय, इथवर माझा विचार गेला होता.

परतताना तोच उतार चढ झाला, वर ऊन, आणि पोटात डबा. निम्म्या वाटेत लेकीनं हात टेकले. शेवटी रिकामी ट्रॉली घेऊन एक ट्रॅक्टरवाले काका आले. "काय झालं ओ ताई? लेकरू दमलं का?" म्हणत त्यांनीच उतरून चारही सायकली वर चढवल्या. त्यांनी पैसे घेतले नाहीत, उलट थोरल्याला उसाचं कांडं दिलं.

त्यानंतर तीन आठवडे लेकीनं सायकलीला हात लावला नाही. जिन्याखाली ती धूळ खात पडली. ती तशी दिसली की माझ्या पोटात तुटायचं. एका सकाळच्या माझ्या हौसेपायी मी तिची सायकल तिच्यापासून तोडली होती.

माझं हे एवढं मनाला लावून घेणं लातूरबाहेरच्या माणसाला जरा जास्त वाटेल. आमच्या गावात सायकली कमी नाहीत. पहाटे साडेपाचला खिडकी उघडली तर कानटोपी घातलेली, पाठीवर दप्तर असलेली पोरं-पोरी रांगेनं क्लासला निघालेली दिसतात. कुठकुठल्या जिल्ह्यांतून आलेली, खोल्या करून राहणारी ही लेकरं. त्यांच्या कष्टांबद्दल मला आदर आहे, मीही त्याच रस्त्यांवरून गेलेली आहे. पण इथं सायकल म्हणजे क्लास ते खोली, खोली ते मेस. सायकलीवर बसलेलं पोर घड्याळ बघतच निघतं. माझ्या लेकरांच्या वाट्यालाही ते दिवस येणार आहेत, त्याला इलाज नाही. त्याआधी त्यांना सायकल दुसऱ्या कशासाठी तरी ओळखीची व्हावी, एवढीच माझी धडपड आहे. हरभऱ्याचे ढाळे उपटून खायला, विहिरीत डोकावायला, कुठंच न पोचायला.

मी स्वतः शिकले ती आण्णांच्या उंच, काळ्या सायकलीवर, कैचीत. सीटवर बसायला पाय पुरायचे नाहीत, म्हणून नळीखालून उजवा पाय घालायचा, डावा हात हँडलवर, उजव्या काखेत सीट, आणि अर्धं-अर्धं पायडल मारत जायचं. गुडघे फुटायचे, त्यावर हळद लागायची. आमच्यासाठी कुणी बेत आखला नव्हता आणि त्याची गरजही नव्हती, कारण रस्त्यावर बैलगाड्या होत्या आणि दिवसातून चार एसट्या. आता तोच रस्ता चौपट रुंद झालाय. आता आखल्याशिवाय लेकरांना रस्त्यावर आणता येत नाही, आणि ती आखणी मला येत नव्हती.

पहिल्यांदा कळलं ते वजनाचं. कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याच्या काट्यावर सहज लेकीची सायकल ठेवली. दहा किलो भरली. लेक सतरा किलोची. म्हणजे साठ किलोच्या मला कुणी पस्तीस किलोची सायकल दिल्यासारखं झालं. घरातला भरलेला सिलिंडर तीसेक किलोचा असतो. तो बांधून मला कुणी मांजरेचा चढ चढायला लावला असता, तर मीही सायकल आडवीच टाकली असती. त्यात तिचं चाक सोळा इंची. एका फेऱ्यात सव्वा मीटर जातं, माझं दोन मीटर. आम्ही सोबत चाललो होतो हे खरं, पण तिचे पाय माझ्यापेक्षा कितीतरी जास्त फिरत होते.

मग गंजगोलाईजवळच्या एका दुकानात गेले. गोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात, त्यातल्या एका रस्त्यावर हे चाचा सायकली दुरुस्त करतात. त्यांच्याकडून पुढची टोपली, मागचं कॅरिअर, प्लॅस्टिकचे मडगार्ड, सगळं उतरवलं. दीड किलो कमी झालं. चाचांना माझी सवय आहे. लेक चार वर्षांची असताना मी याच सायकलीची बाजूची छोटी चाकं काढा म्हणून आले होते, आणि वर म्हणाले होते की पायडलही काढा. "बाई, पायडल काढल्यावर सायकल चालणार कशी?" म्हणत त्यांनी पाना लावला. डावं पायडल उलट्या आट्याचं असतं, ते सोडवायला पाना उलटा फिरवावा लागतो, हे मला तेव्हा त्यांनीच दाखवलं.

पायडल काढायचं कारण असं, की बाजूच्या चाकांवर लेकरू पायडल मारायला शिकतं, पण तोल शिकत नाही. वळताना सायकल जरा कलावी लागते आणि ती चाकं कलूच देत नाहीत. उलट सीट पार खाली घेतली, दोन्ही तळवे जमिनीला टेकले आणि पायडलच नसलं, की लेकरू पायानं ढकलत जातं आणि तोल आपोआप अंगात येतो. यात नवीन काही नाही. १८१७ साली जर्मनीत कार्ल फॉन ड्राइस या माणसानं दोन चाकांची पहिली गाडी चालवली, तिला पायडल नव्हतंच. माणूस पायानं जमीन ढकलत जायचा. सायकलीचा जन्मच तोलापासून झाला, पायडल नंतर आलं. माझी लेक गच्चीवर अकरा दिवस अशी ढकलत फिरली. बाराव्या दिवशी चाचांनी पायडल बसवून दिलं आणि ती दुकानासमोरच दहा हात चालवत गेली. चाचांनी हातातलं काम खाली ठेवून टाळ्या वाजवल्या होत्या.

अशा आनंदानं शिकलेली सायकल मी एका रविवारी तिच्या नजरेतून उतरवली होती.

मांजरेच्या रस्त्यावर कळलेली गोष्ट एवढीच, की लेकरांना घेऊन निघायचं तर आखणी परतीपासून करायची. किती लांब जाऊ शकतो, हा प्रश्नच चुकीचा. परत येताना लेकराच्या पायात जीव आणि चेहऱ्यावर हसू असेल का, तिथून मागं मोजत यायचं. जायचा चढ असावा, यायचा उतार. वारासुद्धा जाताना समोरून आलेला बरा. आमच्याकडं हिवाळ्यात सकाळी वारा पडलेला असतो आणि दहानंतर उठतो, म्हणून निघायचं ते उजाडता उजाडता. वारा आणि चढ मोटरसायकलवरून कळत नाहीत, गाडीतून तर मुळीच नाहीत. म्हणून आता कुठलाही नवा रस्ता आधी मी एकटी सायकलवर जाऊन बघते. कुठं धाप लागली, कुठं सावली आहे, कुठल्या वस्तीवर कुत्री अंगावर येतात, हे मनात ठेवते.

कुत्र्यांचं लेकरांना नीट सांगावं लागतं. पळालं की ती मागं लागतात. थांबायचं, उतरायचं, सायकल मधे धरायची आणि चालत पुढं जायचं. थोरल्याला हे दोनदा उपयोगी पडलं. वस्तीवरची माणसंही बाहेर येऊन हाक देतात, "ए, गप रे! कुणाची लेकरं म्हणायची ओ?" आणि मग पाणी प्यायल्याशिवाय सोडत नाहीत.

खरी भीती कुत्र्यांची नाही, उसाच्या ट्रॅक्टरची आहे. सायकलीला सगळ्यांत चांगली हवा नोव्हेंबर ते फेब्रुवारी, आणि नेमका तोच कारखान्यांच्या गाळपाचा हंगाम. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले, दोन्ही बाजूंनी ऊस बाहेर आलेले ट्रॅक्टर, वर गाणी इतकी मोठी की मागची बेल काय, हॉर्नही ऐकू जाऊ नये. चालवणारी माणसं वाईट नाहीत, आम्हाला घरी पोचवणारेही तसेच एक होते. पण मागच्या ट्रॉलीचं शेपूट कुठं जातंय हे त्यांना पुढून दिसत नाही. कारखान्याकडं जाणारा रस्ता त्या चार महिन्यांत आम्ही सोडूनच दिला. पाच किलोमीटरचा चांगला डांबरी रस्ता सोडून दोन किलोमीटरचा खडीचा रस्ता घेतला, तरी लेकरांनी तक्रार केली नाही. किलोमीटर आपण मोजतो, त्यांच्या लक्षात मेंढरांचा कळप राहतो.

रस्त्यावर रांग कशी असावी याचाही आम्ही घोळ घातला होता. नवरा पुढं असायचा आणि नकळत वेग वाढवायचा, त्याला गाठायला लेकरं ऊर फुटेस्तोवर पायडल मारायची. आता धाकटी सगळ्यांत पुढं, तिच्यामागं थोरला, मग तिचे बाबा. शेवटी मी, लेकरांपेक्षा हातभर उजवीकडं, म्हणजे मागून येणाऱ्याला आधी मी दिसते. वेग तिचा. ती थांबली की सगळे थांबतात. पहिल्या दिवशी ती दर पाच मिनिटांनी थांबली. मुंग्यांची रांग, तारेवरचा नीळकंठ, कुणाच्या तरी रानातली चालू मोटर. मी घड्याळ बघायचं सोडून दिलं, आणि खरं सांगते, त्या खडीच्या रस्त्यावर एवढी बोरं आहेत हे मला तोवर माहीत नव्हतं.

काट्यांचं मात्र आधीच बघावं लागतं. रस्त्याकडेला बाभळी आणि जमिनीवर सराटे. सराट्याचा काटा कसाही पडला तरी त्याचं एक टोक वर असतंच. सोळा इंची ट्यूब खेड्यातल्या पंक्चरवाल्याकडं मिळत नाही, म्हणून एक जास्तीची माझ्या पिशवीत असते. ट्यूब घेताना मोटरसायकलसारख्या वॉलची घ्यावी, म्हणजे कुठल्याही पंक्चरच्या दुकानात हवा भरता येते. पण भरताना शेजारी उभं राहून "थोडीच भरा काका" म्हणावं, नाहीतर कॉम्प्रेसरच्या जोरानं लहान टायर फटकन फुटतो. एकदा फुटलाय.

लेक फार दमली तर तिला बाबांच्या दांडीवरच्या छोट्या सीटवर घ्यायचं आणि तिची सायकल माझ्या कॅरिअरला जुन्या ट्यूबच्या पट्टीनं आवळून बांधायची. कॅरिअरवर लहान लेकराला नुसतं बसवू नये, हे मी ज्याला त्याला सांगत असते. बसल्याजागी डोळा लागतो, पाय सैल पडतो आणि टाच स्पोकमध्ये जाते. आमच्या गल्लीत एका लेकराची अशी टाच सोलून निघालेली मी बघितली आहे. मागं बसवायचंच असेल तर साडीगार्ड आणि पाय ठेवायला दोन्हीकडं पट्ट्या बसवून घ्याव्यात. चाचांकडं हे काम तासाभरात होतं.

खाण्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, गुळाचा खडा. पाणी प्रत्येकाचं वेगळं, आणि तहान लागायच्या आधी दोन घोट. इथं एक सांगायलाच हवं. लेकरांनी उरलेलं पाणी रस्त्यावर ओतलं तर मला सहन होत नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा मी याच गावात होते, आणि घागरींच्या रांगेत रात्री काढल्या आहेत. उरलेलं पाणी बाभळीच्या बुडाशी घालायचं, असा आमचा नियम आहे. लेकीनं एक रोपटं ठरवूनच टाकलंय.

अशा दोन-दोन, तीन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांनी ती हळूहळू परत सायकलीवर आली. पहिल्यांदा तर आम्ही फक्त गल्लीच्या टोकाच्या दुकानापर्यंत गेलो आणि गोळ्या घेऊन आलो. मार्गशीर्ष सरत आला तेव्हा तिनंच विचारलं, "आई, येळवसला आबांच्या रानात सायकलवर जायचं?"

येळवस म्हणजे वेळ अमावस्या, मार्गशीर्षातली. लातूर-धाराशिवकडं आणि सीमेपलीकडं कर्नाटकातही हा सण रानात होतो. त्या दिवशी लातूर ओस पडतं. दुकानं बंद, रस्ते मोकळे, सगळं गाव आपापल्या नाहीतर ओळखीच्याच्या शिवारात. ज्याला रान नाही त्यालाही कुणीतरी बोलावतंच. लहानपणी आम्ही बैलगाडीतून जायचो. भज्जीचं, म्हणजे मिसळीच्या भाजीचं, पातेलं आईच्या मांडीवर आणि आंबिलीचं बिंदगं आज्जीच्या.

सासऱ्यांचं रान घरापासून सहा किलोमीटर, नदीच्या उलट दिशेला. जाताना हलका चढ. मी आधी दोनदा जाऊन आले. शेवटचा एक किलोमीटर पाणंद आहे, काळ्या मातीत गाडीची चाकोरी वाळून दगड झालेली, तिथं सायकल हातात धरून चालायचं ठरवलं. नऊनंतर हाच रस्ता रानाकडं निघालेल्या गाड्यांनी गजबजणार, म्हणून सातला निघायचं. परतीचा उतार आयता होता, पण डिसेंबरात सूर्य सहाच्या आतच बुडतो आणि अंधार पडल्यावर मशालीसारखा हेंडगा पेटवतात, तो चुकवून लेकरांना घरी आणायचं म्हणजे पाप. अंधारात त्यांना रस्त्यावर घालायचं नव्हतं. म्हणून येताना सायकली दिरांच्या टेम्पोत. उतार वाया गेला, जाऊ दे.

त्या सकाळी धुकं होतं. तुरी काढणीला आलेल्या, हरभरा घाट्यावर, ज्वारी पोटऱ्यात. लेकीला पाऊण तासानं पहिल्यांदा थांबावंसं वाटलं, तेही पाणी प्यायला नाही, तर मागं राहिलेल्या बाबांसाठी. वाटेत एक मोठी बैलगाडी भेटली, बैलांच्या शिंगांना गोंडे. गाडीतल्या आज्जीबाई ओरडल्या, "कुठं चाललाव गं एवढ्या थंडीचं?" लेक वळूनही न बघता म्हणाली, "येळवसला!" सहा किलोमीटरला आम्हाला पावणेदोन तास लागले. पाणंदीत ती सायकल हातात धरून चालली, बाबांना धरू दिली नाही.

रानात आबांनी कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, केली होती. आत पाच दगड, चुना लावून, कावेचे पट्टे ओढलेले, ते पाच पांडव. लक्ष्मीची पूजा झाली, नैवेद्य झाला. बाजरीचे उंडे, भज्जी, खीर आणि आंबील. ताकात ज्वारीचं पीठ कालवून केलेली, लसणाचा वास असलेली ती आंबील मडक्यातूनच प्यावी. जेवायच्या आधी आबा मडकं घेऊन बांधाबांधानं निघाले. पानांच्या डहाळीनं आंबील पिकावर शिंपडत, चांगभलं म्हणत. लेकरं मागं. ज्वारीला झालं, हरभऱ्याला झालं, विहिरीला, बैलांना झालं. बांधाला चार सायकली टेकवून ठेवलेल्या होत्या. लेक तिथं थांबली.

"आबा, हिला?"

आबांनी तिच्या हातात डहाळी दिली. "घाल की. तीबी चालून आलीय."

तिनं मन लावून शिंपडली. हँडलवर, सीटवर, दोन्ही चाकांवर, चेनवर. मग दादाच्या सायकलीवर, मग आमच्या. रात्री हेंडगा पेटला, पोरं तो घेऊन रानाभोवती पळाली, आणि टेम्पोत बसल्या बसल्या ती माझ्या मांडीवर झोपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्याखालून सायकल बाहेर काढली तर चेनला मुंग्या लागलेल्या. फडक्यानं पुसून, उन्हात धरून, तेल घातलं. घंटी मात्र वाजेना. आत गेलेली आंबील वाळून घट्ट बसली होती. टोपण फिरवून काढलं आणि वाटीभर कोमट पाण्यात टाकून ठेवलं. लेक वाटीशेजारी उकिडवी बसून होती, सुटायची वाट बघत.